अख्ख्या बंदराचा छापा

"तुम्हाला अजिबात कळू द्यायचं नाही असं बजावलंय, म्हणून आधी तुमच्याकडेच आले," टेलिफोनबाई म्हणाली आणि तिनं हेडक्लार्कच्या खोलीचं दार आतून लोटलं.

गोदीच्या कचेरीत हेडक्लार्कला सगळे भोंगा म्हणत. पाठीमागेच म्हणत, कारण समोर म्हणायला छाती लागते आणि ती नोकरीला लागताना फाटकाबाहेर ठेवूनच आत यावं लागतं. नाव मात्र चोख पडलं होतं. बोट धक्क्याला लागताना एकदा भोंगा देते आणि गप्प होते. हा गृहस्थ सकाळी खुर्चीला लागला की संध्याकाळपर्यंत देतच राही.

"काय कळू द्यायचं नाही?" भोंगा वाजला.

"हळू हो! छापा. उद्या सकाळी छापा येतोय."

"कुणी सांगितलं?"

"फोन आला ना साहेबांसाठी. बाई होती कुणीतरी. लाइन नुसती खरखरत होती. म्हणाली, 'साहेबांना सांगा, छापा उद्या सकाळी येतोय, अख्ख्या बंदराचा आहे. समोरची मोठी भिंत मोकळी करून ठेवा. आणि हेडक्लार्कना आधी कळता कामा नये.'"

"भिंत कशाला मोकळी?"

"लोक भिंतीत दडवून ठेवतात ना काय काय. ठोकून बघतात म्हणे."

भोंग्यानं खुर्ची पुढं ओढली. "मग साहेब काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, 'येऊ दे, येऊ दे. एकेकाची तोंडं बघण्यासारखी होतील.'"

हा साहेब नवा होता. ओरडत नसे, खात नसे, वेळेवर येई. असल्या माणसाची कचेरीला धडकी भरते. जुना साहेब खायचा, त्यामुळे त्याच्या हाताखाली सगळे निर्धास्त झोपत.

आता हे स्पष्टच सांगितलेलं बरं, की त्या कचेरीत चोर एकही नव्हता. चोर गरीब असतात आणि पकडले जातात. इथे होते ते 'पडूनच होतं, म्हणून नेलं' या पंथातले सज्जन. ज्या मालाला मालक येत नाही तो गोदामामागच्या एका मोठ्या खोलीत टाकला जाई. तिला बेवारस खोली म्हणत. त्या खोलीचं जेवढं सामान खोलीत होतं त्याहून जास्त गावभर नांदत होतं. मालाचं वजन करणारा काटेवाला. त्याच्या घरी दार आपटू नये म्हणून जे पितळी वजन टेकवलं होतं, ते कचेरीचं. टेलिफोनबाईच्या घरचे हिरवे पडदे कचेरीच्या खिडक्यांवरून उतरले होते. आणि फाटकवाला? आत-बाहेर जाणारा माल तपासणं हे त्याचं काम, म्हणून त्यानं फार काही नेलं नाही. फक्त एक आरामखुर्ची. तपासून तपासून पाय दुखतात माणसाचे.

भोंग्यानं नेली होती एक फळी. दाराएवढी लांबरुंद, काळपट, दगडासारखी जड. कपाट करू म्हणून नेली आणि घरच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून विसरला. एक दिवस धाकट्या मेव्हणीनं विचारलं, "भावजी, ही फळी मी घेऊ का?" त्यानं पेपरमधून डोकं न काढता सांगितलं, "घे." मेव्हणी चित्रकलेच्या शाळेत शिकून आली होती आणि ताईकडेच राहत होती. त्या दिवसापासून मागच्या खोलीतून टकटक, खरखर सुरू झाली. भोंगा दाराबाहेरून ओरडे, "ए सुतारणी, बंद कर ते!" दार उघडून आत मात्र तो कधीच गेला नाही. ओरडायला आत जावं लागत नाही.

"मला कळता कामा नये म्हणजे..." भोंगा कधी नव्हे तो कुजबुजला, "छापा माझ्यावरच आहे."

"अख्ख्या बंदराचा आहे हो, सगळेच आलो त्यात," टेलिफोनबाई म्हणाली आणि कुणालाही सांगणार नाही असं म्हणून सगळ्यांना सांगायला गेली.

काटेवाला तर रडवेला झाला. "लोक नाणं उडवून विचारतात, छापा की काटा? इथं छापा आला की काटा गेलाच की हो!"

भोंगा त्या दिवशी लवकर घरी गेला. उंबऱ्यातूनच गरजला, "फळी कुठाय?"

"ओरडताय कशाला, आत आहे," बायको म्हणाली. "पण ती आता..."

"कुऱ्हाड काढ."

"काय?"

"कुऱ्हाड! तुकडे करून बंबात घालायचीय. गोदीतली आहे ती. उद्या छापा पडतोय. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि लोक मला फळीचोर म्हणतील!"

"अहो, तिला येऊ तरी द्या. फ्रेमवाल्याकडे गेलीय, आज उशिरा येणार आहे ती."

भोंग्यानं ऐकलं नाही. ऐकणं हा त्याचा प्रांतच नव्हता. कुऱ्हाड घेऊन तो मागच्या खोलीत शिरला, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या फळीला त्यानं दोन्ही हातांनी धरलं, जोर लावून फिरवली, आणि कुऱ्हाड उगारायला म्हणून दोन पावलं मागं सरला.

ती दोन पावलं त्याला महागात पडली. मागं सरल्यामुळे त्याला फळी दिसली.

फळीवर बंदर होतं. सगळंच्या सगळं. वरून पाहावं तसे गोदामांच्या छपरांचे तिरके पट्टे, आणि त्याच वेळी समोरून पाहावं तशी त्यांची दारं. एकाच वेळी दोन्हीकडून कुणी पाहतं का? पण बंदरात उभ्या राहणाऱ्या माणसाला ते तसंच दिसतं, हे भोंग्याला त्या क्षणी पटलं. ओझी उचलणाऱ्या याऱ्यांचे लांब हात आभाळाला कापत गेलेले. शिडांच्या काठ्या, दोरखंड, धुराडी, एकमेकांत घुसलेली, आणि कुठेच गोंधळ नाही. पाणी तर पाणीच नव्हतं, नुसते पटाशीचे आखूड घाव होते, हजारोंनी. पण तो जरा वाकला तर ते हलले. शाईनं काळ्याभोर झालेल्या त्या लाकडावर मुंग्यांएवढी माणसं ओझी वाहत होती आणि एकाचीही पाठ दुसऱ्यासारखी वाकलेली नव्हती.

भोंग्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. पायाशी नाही, लांब, कोपऱ्यात. एखाद्या झोपलेल्या मुलाजवळून चाकू उचलून ठेवावा तशी.

"हे तिनं केलं?"

"मग काय मी?"

"पण यारी डावीकडे दाखवलीय. यारी उजवीकडे असते आपली. सगळं उलटं झालंय!"

"उलटंच कोरतात म्हणे. कागदावर घेतलं की सुलटं होतं."

भोंगा फळीपाशी उकिडवा बसला. उलट्या डोक्यानं सुलटं बंदर शोधता शोधता त्याला आपली कचेरी सापडली, काटा सापडला, फाटक सापडलं. एवढी हयात त्यानं त्या धक्क्यावर काढली होती आणि आज पहिल्यांदा तो बंदरावर गेला होता, घरच्या मागच्या खोलीतून.

"तू पाहिलं होतंस?" त्यानं विचारलं. इतक्या हळू, की बायकोनं दचकून त्याच्या कपाळाला हात लावला.

"रोज बघते. तुम्हालाही कितीदा हाक मारली तिनं. तुम्ही म्हणालात, कामं आहेत."

कुऱ्हाडीचा प्रश्न मिटला. पण छाप्याचा प्रश्न होताच. भोंग्यानं विचार केला आणि घाबरलेला माणूस करतो तसा अर्धाच केला. फळी सकाळी गुपचूप बेवारस खोलीत नेऊन ठेवायची. छापेवाले येतील, मोजतील, जातील. मग हळूच परत आणायची.

"तिला विचारा तरी!" बायको म्हणाली.

"काय विचारू? बाई गं, तू ज्यावर हे कोरलंस ती फळी चोरीची आहे, असं सांगू?"

बायकोनं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मेव्हणी उठायच्या आत भोंगा हातगाडीवर फळी घालून, वर चादर टाकून निघाला. फाटकाशी पोचला तर तिथे रांग! पुढे टेलिफोनबाई गाठोडं घेऊन, तिच्यापुढे काटेवाला पोट धरून. पोटात वजन होतं, शर्टाच्या आत. आणि स्वतः फाटकवाला डोक्यावर आरामखुर्ची घेऊन स्वतःच्याच फाटकात अडकला होता.

"चला, सरका पुढं!" भोंगा म्हणाला.

"कसा सरकू? खुर्ची जात नाही."

"बाहेर नेताना कशी गेली होती?"

"तेव्हा घाई नव्हती."

"गाठोड्यात काय आहे, बाई?" काटेवाल्यानं उगाच विचारलं.

"माझं डोकं! तुमच्या पोटात काय आहे ते विचारलं का मी?"

"गाडीवर कोण आहे हो?" टेलिफोनबाईनं चादरीकडे पाहून घाबरत विचारलं. "कुणी... गेलं का?"

कुणी कुणाला अडवलं नाही. बाहेर जाणाऱ्या मालासाठी नियम होते. माल आत आणणाऱ्यांसाठी नव्हते. असला वेडेपणा कुणी करील असं नियम करणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं. साहेब यायच्या आत खिडक्यांना पडदे लागले, काट्याला वजन मिळालं, बेवारस खोली छतापर्यंत भरली. भोंग्यानं फळी कोरीव बाजू भिंतीकडे करून सगळ्यांच्या मागे उभी केली आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला. बोटं काळी झाली. ती त्यानं पुसली नाहीत.

मग सगळे आपापल्या टेबलांमागे इतके प्रामाणिक चेहरे करून बसले की कुणीही पाहताक्षणी बेड्या घातल्या असत्या.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. दोन हमाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, सपाट घेऊन कचेरीच्या दिवाणखान्याएवढ्या मोठ्या खोलीत शिरले आणि त्यांच्यामागे मेव्हणी.

भोंगा उडालाच. "तू इथं कशाला आलीस? पळ! आत्ता छापा येतोय!"

"आला की," मेव्हणी हसली. "हा काय!"

लाकडावर कोरून, शाई लावून कागदावर उठवलेल्या चित्राला चित्रकार मंडळी छापाच म्हणतात. भोंग्याच्या घरात हा शब्द कितीतरी दिवस वावरत होता. मेव्हणी बोलायला लागली की हा पेपर वर करायचा, त्यामुळे त्यांची ओळख व्हायची राहिली होती.

"या, या!" साहेब हात पुसत बाहेर आला. "हेडक्लार्क, तुमच्या मेव्हणीबाईंनी मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. आपल्याच गच्चीवर बसून काढत होत्या, दुपारी तुम्ही झोप... काम करत असताना. लावा रे त्या भिंतीवर!"

हमालांनी चौकट टांगली. मेव्हणीनं कापड ओढलं.

पुढं जे झालं ते त्या कचेरीत कधी झालं नव्हतं. कुणी काही बोललं नाही.

फळीवर पाहिलेलं भोंग्याला वाटलं होतं की आपल्याला माहीत आहे. माहीत नव्हतं. लाकडावर सगळं काळ्यावर काळं होतं. कागदावर उजेड पडला होता. जिथं जिथं तिनं लाकूड काढून टाकलं होतं तिथं तिथं सकाळ झाली होती. यारी आता उजवीकडे, आपल्या जागी, आणि तिच्या हाताला टांगलेलं ओझं पांढऱ्या पाण्यावर लोंबकळत होतं. ते आता पडेल म्हणून काटेवाल्यानं खरोखर एक पाऊल मागं घेतलं. नुसतं काळं आणि पांढरं. तरी टेलिफोनबाई म्हणाली, "निळं किती छान आलंय," आणि कुणाला हसू आलं नाही, कारण सगळ्यांना ते निळंच दिसत होतं.

फाटकवाला टोपी काढून उभा राहिला. का काढली ते त्यालाच कळलं नाही. "मी रोज यातून जातो," तो म्हणाला. "यातून?"

"हा माझा काटा! बघा, आणि हा वाकडा खांब. खांब वाकडाच आहे!"

"बाई, ही काय किरणं काढलीत?" साहेबानं कचेरीच्या एका बारीक खिडकीवर बोट ठेवलं. खिडकीतून पांढऱ्या रेघा फुटून पार बोटींपर्यंत गेल्या होत्या. "दिवा लागलाय का आत?"

"नाही," मेव्हणी म्हणाली. "तो भावजींचा आवाज आहे."

भोंग्यानं ती खिडकी पाहिली. अख्ख्या बंदरात, एवढ्या धुरात, एवढ्या गर्दीत तिनं त्याचा आवाज घेतला होता, आणि कटकट म्हणून घेतला नव्हता. त्या रेघांवर पक्षी बसले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, तर त्यानं सवयीनं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"अशा किती प्रती काढणार?" साहेबानं विचारलं.

"ही पहिलीच. आणखी बऱ्याच काढायच्यात. वर्ष गेलंय कोरण्यात. लाकूड आहे घरी, आज गेल्यावर पुन्हा शाई लावणार."

"उत्तम. अरे हो, हेडक्लार्क, बेवारस खोलीत एकाएकी एवढा माल कुठून आला? दार लागत नाही तिचं. भट्टीवाल्याचा ट्रक बोलावलाय मी, आत्ता येईल. लाकूडफाटा सगळा घालून द्या त्यात."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

भोंग्याच्या समोर दोन वाटा उरल्या. गप्प बसलं तर इज्जत राहते आणि बंदर भट्टीत जातं. बोललं तर बंदर राहतं. त्यानं मेव्हणीकडे पाहिलं. ती भिंतीवरची चौकट बोटानं सरळ करत होती.

"साहेब," तो म्हणाला, "त्यातली एक फळी माझी आहे. म्हणजे माझी नाही. म्हणजे मी नेली होती."

मागे टेलिफोनबाईनं डोळे मिटून घेतले. काटेवाला खाली बसला.

"नेली होती? मग आज इथं कशी?"

"परत आणली. छापा येतोय म्हणाले म्हणून..."

मेव्हणीचा हात चौकटीवरून खाली आला. "कुठली फळी, भावजी?"

"तीच."

"तुम्ही माझं बंदर भट्टीत द्यायला आणलंत?"

"भट्टीत नाही गं! लपवायला!"

साहेबानं भोंग्याकडे पाहिलं. मग खिडक्यांवरच्या हिरव्या पडद्यांकडे, जे तो आल्यापासून तिथं नव्हते. मग कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे, मग एकेका चेहऱ्याकडे. तोंडं खरोखरच बघण्यासारखी झाली होती. या कचेरीवर पूर्वी खरे छापे पडले होते, अधिकारी चहा पिऊन गेले होते आणि एक टाचणी परत आली नव्हती. एका मुलीच्या कागदानं अख्खं गोदाम भरून दिलं होतं.

"कोणाकोणावर कारवाई करू?" साहेब स्वतःशीच म्हणाला. "मलाच एकट्याला बंदर चालवावं लागेल." मग आवाज चढवून, "फळी काढा बाहेर. पण ती आता बेवारस खोलीत जमा झालीय, अशी देता येणार नाही. नियम आहे ना काहीतरी?"

नियम होता. बेवारस माल बाहेर द्यायचा तर हेडक्लार्कनं चारचौघांत मोठ्यानं ओरडायचं, 'निकामी!' आणि काटेवाल्यानं मालावर खडूनं फुली मारायची. फुली असली की फाटक सोडतं.

फळी आणून उभी केली. भट्टीवाला, हमाल, सगळे भोवती जमले. छाप्याशेजारी छाप्याची आई उभी राहिल्यासारखं झालं.

"हं, ओरडा," साहेब म्हणाला.

भोंग्यानं छाती भरून घेतली. "नि..."

पुढं येईना. फुटके पेटारे, गंजके पत्रे, सडकी पोती, किती जिनसांना तो आयुष्यभर हा शब्द ओरडला होता. आता तो त्या पाण्याच्या घावांकडे बघत होता आणि जीभ उचलत नव्हती.

"ओरडा ना, भावजी," मेव्हणी म्हणाली. अजून रागातच होती. "न बघता एवढं ओरडत होतात, आता बघून का होईना."

"बघितलं म्हणूनच होत नाहीये!" भोंगा कळवळला. शेवटी डोळे घट्ट मिटून, माफी मागावी इतक्या हळू तो म्हणाला, "निकामी."

"झालं. ऐकलं मी," साहेब म्हणाला. "मार फुली."

काटेवाला खडू घेऊन पुढं झाला आणि फळीभोवती फिरायला लागला. "कुठं मारू? इथं बोट आहे. इथं माणूस ओझं घेऊन उभा आहे, याच्या डोक्यावर मारू का?"

"मागच्या बाजूला मार की."

"मागं पण शाईच शाई आहे, साहेब, खडू उठतच नाही. आणि फुली तर समोरून दिसली पाहिजे."

"पुढून हात लावू नकोस!" भोंगा आडवा झाला. मग त्यानं जे केलं ते पाहून साहेबानंही चष्मा काढला. तो वळला, काटेवाल्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "इथं मार."

"तुमच्यावर?"

"मार म्हणतो ना!"

काटेवाल्यानं त्याच्या गडद कोटावर खांद्यापासून कमरेपर्यंत अशी फुली ओढली की त्यात कितीतरी वर्षांचा हिशेब फिटला असावा.

पुढं मेव्हणी, मागं भोंगा, मधे फळी, अशी वरात फाटकाशी आली. फाटकवाला आता टोपी घालून, नोकरीवर, कडक उभा होता.

"फुली?"

भोंगा वळला आणि पाठ दाखवली.

"हे ठीक आहे," फाटकवाला म्हणाला. "तुमच्याबद्दल शंका नव्हतीच. पण नग किती लिहू?"

मेव्हणीनं फळीकडे पाहिलं. मग मान वळवून फुली मारलेल्या भावजींकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा राग ओठांवरून जरासा सरकला.

"दोन लिहा," ती म्हणाली. "एक कोरून झालाय. दुसऱ्यावर आजपासून काम सुरू."